फोडणीचे औषधशास्त्र

मुंबईच्या उपनगरी स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीशेजारी स्टीलचा एक गोल डबा असतो. त्याला मिसळणाचा डबा म्हणतात. आत सात वाट्या, एक-दोन बुटके चमचे आणि शेजारच्या वाटीतून उडून जिऱ्यात पडलेली थोडी हळद. ही शेवटची वस्तू डब्याबरोबर विकत मिळत नाही, ती आपोआप जमते. अंधेरी असो की मुलुंड, डब्याची रचना साधारण एकच. पूर्वी हा डबा स्वयंपाकासाठी वापरत. हल्ली तो दवाखाना झाला असून त्याची ओपीडी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी ‘सुप्रभात’च्या गुलाबाखाली भरते. तिथे जिऱ्याने वजन उतरते, मेथीने साखर उतरते आणि जे उतरायचे राहिले असेल ते हळदीने उतरते. खरी हकीकत याहून लहान आणि जास्त मजेची आहे. ती फोडणीच्या क्रमाने पाहिलेली बरी.

तेल तापले की पहिला मान मोहरीचा. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, टरफलाला ती आवरत नाही आणि दाणा तडतडतो. मोहरीचा खरा झणका मात्र या तडतडीत नसतो. दाण्याच्या पोटात सिनिग्रिन नावाचे द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचे विकर वेगवेगळे राहतात. दाणा वाटला, पाणी लागले, की दोघांची गाठ पडते आणि थेट नाकात चढणारे तेल तयार होते. म्हणून लोणच्याची मोहरी फेसतात आणि फेसणारी व्यक्ती तेवढा वेळ कोणाशी बोलत नाही. कढत तेलात विकर आधीच निकामी होते, त्यामुळे फोडणीतली मोहरी स्वभावाने गरीब. मोहरीचे गुण सांगणाऱ्याने फेसलेली की तडतडलेली, हे आधी सांगायला हवे. सहसा कोणी सांगत नाही.

जिऱ्यातल्या लोहाबद्दल ग्रुपवर फिरणारा निरोप अक्षरशः खरा असतो आणि तीच त्याची अडचण आहे. १०० ग्रॅम जिऱ्यात सुमारे ६६ मिलिग्रॅम लोह असते, आकडा बरोबर. पण चहाच्या एका चमच्यात जिरे मावते जेमतेम २ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. ते नुसत्या जिऱ्यातून मिळवायचे तर रोज वीसेक चमचे जिरे खावे लागेल. एवढे करूनही वनस्पतीतले लोह शरीर हात राखूनच घेते. घरची माणसे जेवायला बाहेर जाऊ लागतील, ते वेगळेच. ‘दर १०० ग्रॅममागे’ ही आरोग्यविषयक लिखाणातली सर्वांत निरागस दिसणारी थाप आहे.

हिंगाला डब्यात जागा नसते. त्याची डबी निराळी, झाकण घट्ट, आणि तरीही ती कुठे ठेवली आहे हे घरभर कळते. फेरुला जातीच्या झुडपाच्या मुळांना चिरा पाडल्यावर पाझरणारा चीक वाळला की हिंग होतो. भारत दरवर्षी सुमारे १२०० टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून आणतो. ज्या देशात हिंगाशिवाय वरण होत नाही, त्या देशात हिंगाची शेतीच नव्हती. अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये सीएसआयआर या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या पालमपूरच्या संस्थेने हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी पहिले रोप लावले. बाजारातल्या डबीतही निव्वळ हिंग नसतो. डिंक आणि पीठ मिसळून तो माणसांत आणलेला असतो. वास येतो गंधकाच्या संयुगांमुळे, आणि कांदा-लसणाचा वासही याच गोत्रातला. म्हणूनच घाटकोपरच्या ज्या जैन घरांत कांदा-लसूण उंबरा ओलांडत नाही, तिथे हिंग चिमटीने नव्हे, हक्काने पडतो. तान्ह्या बाळाचे पोट फुगले की बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावण्याची पद्धत सगळ्याच मजल्यांवर आहे. बाळ थोड्या वेळाने शांत होते. लावले नाही तरी बहुधा झाले असते, पण हे आजीसमोर म्हणून दाखवणारा डॉक्टर विरळा.

मेथीच्या दाण्यात पाण्यात फुगणारा चिकट तंतू भरपूर असतो. तो आतड्यातून साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतो, आणि मधुमेहींवर झालेल्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसलेला आहे. त्या चाचण्यांत रोज २५ ग्रॅमच्या आसपास मेथीपूड दिली जाई. फोडणीत पडणारे दाणे बोटांवर मोजता येतात आणि त्यातले निम्मे ताटाच्या कडेला जमा होतात. मधुमेहावर चालू असलेल्या गोळ्या या दाण्यांच्या भरवशावर बंद करू नयेत.

आता हळद. हिच्याबद्दल बोलताना उपनगरी माणूस आवाज खाली आणतो. सायकलवरून पडलेल्या पोराच्या गुडघ्यावर मूठभर हळद दाबायची, हे ज्ञान बोरिवलीच्या कुठल्याही चाळीत फुकट मिळत असताना १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ या शोधाचे पेटंट मिळाले. शोध लावणारे दोघेही भारतीय वंशाचे. त्यांच्या घरी कोणी गुडघ्यावर हळद दाबली नव्हती, असे मानणे कठीण आहे. सीएसआयआरने याला आव्हान दिले. तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्म गोव्यातल्या माशेलचा, बालपण गिरगावातले. अडचण एकच: पेटंट कार्यालय आजीची साक्ष धरत नाही, त्याला छापील कागद लागतो. मग संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतून ३२ संदर्भ शोधून काढले. त्यात भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले आणि गुडघ्यावरची हळद पुन्हा बिनपरवाना झाली.

हळदीचा पिवळेपणा आणि तिची कीर्ती, दोन्ही कर्क्युमिनमुळे. पण हळदपुडीत ते साधारण ३ टक्केच. अर्धा चमचा हळद म्हणजे कर्क्युमिन ४०-५० मिलिग्रॅम, तर चाचण्यांतले डोस ५०० मिलिग्रॅमच्या पुढचे. त्यात ते पाण्यात विरघळत नाही आणि पोटात गेलेले रक्तात फारसे उतरत नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पिपरिन दिले, तर रक्तात पोहोचणारे प्रमाण २००० टक्क्यांनी वाढते. म्हणून हळदीच्या दुधात मिरे घालायला सांगतात. २००० टक्के हा आकडा भारदस्त खरा, पण जवळजवळ शून्याची वीस-एकवीस पट म्हणजे किती, हे दूध पाजणारा सांगत नाही. अंधेरीच्या कॅफेत हेच दूध ‘टर्मरिक लाटे’ या नावाने, वर फेस घालून मिळते. घरी नाक दाबून पाजावे लागे ते तिथे पैसे मोजून पितात, हा औषधी गुण नाकारता येणार नाही. कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र अमेरिका आणि इटलीत झाल्या आहेत. वरणातल्या हळदीवर असा आरोप कोणी केलेला नाही.

कढीपत्त्याचे झाड सोसायटीच्या आवारात असते. मालकी सगळ्यांची, पाणी कोणाचेच नाही. त्याच्या पानांत कॅल्शियम चांगले असते आणि ते पानांबरोबर ताटाबाहेर जाते.

लाल तिखट दिसायला देशी, पण मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटपणाची जबाबदारी मिरी आणि आले सांभाळत. एप्रिल-मे महिन्यात मिरची कांडपाच्या गिरणीपुढे पिशव्यांची रांग लागते: बेडगी रंगासाठी, लवंगी जाळासाठी, शिवाय धणे, दगडफूल, नागकेशर. यंत्र सुरू झाले की नाकाला पदर आणि रुमाल लागतात, गल्लीचे पहिले दोन मजले शिंकू लागतात, आणि पिशवीची मालकीण तरीही जागची हलत नाही, कारण आपल्या पिशवीत शेजारणीचा मसाला मिसळेल अशी तिला रास्त शंका असते. अंधेरी-मरोळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत असाच वर्षाचा मसाला तपकिरी काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. त्या पूर्वी बिअरच्या असत, आणि गडद काचेमुळे उजेड लागत नाही हे कारण त्यांना आयतेच सापडले.

तिखट ही चव नव्हे. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चिकटते, ती मुळात उष्णतेची सूचना देणारी. ‘तोंड भाजले’ ही तक्रार मज्जासंस्थेच्या दृष्टीने तंतोतंत खरी आहे. ही ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ठसका लागल्यावर तांब्याभर पाणी पिणे व्यर्थ. ताक प्यावे.

मिठाला डब्यात जागा नाही, पण तिथल्या कुणाहीपेक्षा त्याच्या प्रमाणाला महत्त्व आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. मुलुंड पूर्वेला मिठागर रोड आहे. भांडुप-कांजूरमार्गच्या मिठागरांत हल्ली मिठापेक्षा जमिनीच्या बातम्या जास्त पिकतात. आयोडीनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात आला, आणि डब्याच्या परिसरातला हा सर्वांत ठोस औषधी विजय असूनही तो कोणी फॉरवर्ड करत नाही. फॉरवर्ड होते ते गुलाबी मीठ. तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, फक्त वेगळे आयोडीन न घातलेले आणि महाग.

उकळी आली की आमसूल आणि गूळ. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातले हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल वजन घटवणाऱ्या गोळ्यांत विकतात, पण घटले तर ते बहुतेक पाकिटाचे. गुळात साखरेपेक्षा खनिजे थोडी जास्त असतात. रक्तातल्या साखरेला त्याचे कौतुक नाही.

शेवटी कोथिंबीर. काही लोकांना तिचा वास साबणासारखा येतो. २०१२ च्या एका अभ्यासात याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी जोडला गेला. असे लोक उपनगरांतही असणारच. पण आमटीवर कोथिंबीर पेरल्याशिवाय ती झाली असे इकडे धरत नाहीत, त्यामुळे ते गुपचूप जेवतात.