ट्रॉलीमागे चाललेल्या माणसाच्या किरकोळ तक्रारी

अपघात, मृत्यू, नुकसानभरपाई हे मोठ्या माणसांचे विषय आहेत. त्यासाठी समित्या आहेत, बैठका आहेत, बैठकीत चहा आहे. माझ्या तक्रारी किरकोळ आहेत. उसाने भरलेल्या ट्रॉलीमागे अडकलेल्या माणसाला ज्या सुचतात, त्याच. आणि घोडेगावच्या माणसाला नोव्हेंबरपासून पुढे हंगाम संपेपर्यंत दुसरं काही सुचत नाही.

आमचं गाव नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर. इथूनच शनिशिंगणापूरला आणि पुढे सोनईला जाणारा रस्ता फुटतो. शुक्रवारी जनावरांचा बाजार, शनिवारी शिंगणापूरची गर्दी, अधूनमधून कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो, आणि कारखान्यांचे बॉयलर पेटले की रोज ऊस. थोडक्यात, रस्ता एक आणि मालक सगळे.

पहिली तक्रार कायद्याविषयी. 1988च्या मोटार वाहन कायद्याने ट्रॅक्टरची व्याख्या करून ठेवली आहे : स्वतः भार वाहण्यासाठी न बनवलेलं वाहन. आमच्याकडे ही व्याख्या काटेकोर पाळतात. ट्रॅक्टरवर भार असा काही नसतोच. एक ड्रायव्हर, मडगार्डवर दोघे पाहुणे आणि एक डेक, एवढंच. भार सगळा मागच्या दोन ट्रॉल्यांत. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे खेप जितकी फुगेल तितकी बरी. ट्रॉलीच्या फळ्या संपल्या तरी ऊस संपत नाही. दोन्ही बाजूंनी तो असा बाहेर येतो की मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही आणि पुढच्याला मागे कोणी आहे याचा पत्ता लागत नाही. ड्रायव्हरला आरसा असतो. त्यात ऊस दिसतो.

दुसरी तक्रार डेकची. गाण्याला माझा विरोध नाही. रात्रभर जागून ट्रॅक्टर हाकणाऱ्या पोराने गाणी ऐकू नयेत तर काय भूपाळ्या ऐकाव्यात? पण ते गाणं मला दोन ट्रॉल्यांमागून, काच बंद करून ऐकू येतं आणि माझा हॉर्न त्याला ऐकू येत नाही, हा व्यवहार एकतर्फी आहे. हॉर्न वाजवून वाजवून शेवटी मीच त्याच्या गाण्याला ठेका धरल्यासारखं होतं.

तिसरी तक्रार हाताची. ट्रॅक्टरवरून एक हात बाहेर येतो आणि हलतो. याचा अर्थ 'या, पुढे जा' असा असतो. किंवा 'थांबा, समोरून एसटी येतेय' असा असतो. किंवा 'मी आता उजवीकडे फडात वळतोय' असा. कधी कधी तो बांधावर उभ्या असलेल्या मेहुण्याला रामराम असतो. चारही वेळा हात तसाच हलतो. 'पुढे जा' समजून उजवीकडून निघालेला मोटारसायकलवाला आणि नेमका त्याच क्षणी उजवीकडे वळलेला ट्रॅक्टर यांची गाठ पडली, की मग अर्थाची चर्चा दवाखान्यात होते. पिवळा इंडिकेटर लावला तर एवढं व्याकरण लागत नाही.

चौथी तक्रार पाठीची, आणि ही अंधार पडल्यावरच कळते. ट्रेलरच्या मागे दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर हवेत, असं केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 पासून सांगत आले आहेत. ते नसतात असं मी म्हणणार नाही. परवा एका उभ्या ट्रॉलीची पाठ जवळ जाऊन पाहिली. डाव्या कडेला रिफ्लेक्टर होता, पण त्यावर मागच्या पावसाळ्याचा चिखल वाळून बसला होता आणि वरून पाचट लोंबत होतं. उजव्या कडेला दोरीने बांधलेली सीडी होती. कोणे एके काळी तीत सिनेमा असेल, आता ती वाऱ्यावर गिरक्या घेत होती. तोंड आपल्याकडे वळेल तेव्हा चमकायचं आणि पाठ वळली की विझायचं, अशी तिची ड्युटी. मधोमध बारीक नक्षीकाम करून 'आई-वडिलांची पुण्याई' लिहिलेलं. म्हणजे रंग होता, ब्रश होता, पेंटरही होता.

अमेरिकेत 1960च्या दशकात ओहायो राज्याच्या विद्यापीठातल्या लोकांनी याच दुखण्यावर डोकं चालवलं आणि ट्रॅक्टरच्या पाठीला लावायचा नारिंगी त्रिकोण काढला, लाल किनारीचा. मागच्याला दुरूनच कळावं की पुढचं वाहन सावकाश चाललंय. बस, एवढंच. आपण हिशेब करून पाहू. मोटार ताशी 80ने येते, ट्रॉली 15ने चालते. फरक 65चा, म्हणजे सेकंदाला 18 मीटर. डिपरच्या उजेडात ट्रॉली 50 मीटरवर दिसली, तर हातात तीन सेकंदही उरत नाहीत. त्यात समोरच्याने अप्पर मारला, तर तेवढ्यात फार तर देवाचं नाव घेऊन होतं.

देवाचा विषय निघालाच आहे, तर पाचवी तक्रार मोटारवाल्यांची. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, कारण देवावर भरवसा. तोच भरवसा ठेवून भाविक गाडी चालवतात. शनी एका राशीत अडीच वर्षं बसतो. त्याच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला ट्रॉलीमागे अडीच मिनिटं बसवत नाही. साडेसाती टळावी म्हणून तेलाची बाटली घेऊन निघालेला हा गृहस्थ वळणावर, समोरचं काही दिसत नसताना, दोन ट्रॉल्या आणि एक ट्रॅक्टर एका दमात ओलांडायला निघतो. वर ट्रॅक्टरवाल्याकडे खाऊ की गिळू असं पाहतो. रस्ता आधी शेताचा होता आणि आपण मागाहून आलो, हे त्याच्या गावीही नसतं.

सहावी तक्रार दगडांची. ट्रॉलीचं टायर बसलं की ती जागच्या जागी, डांबरावरच उभी राहते. साइडपट्टी खचलेली, भरली ट्रॉली खाली घेतली तर पलटी, हेही खरंच. मग मागे चार दगड मांडतात, वर बाभळीची फांदी. सोय चांगली आहे. टायर बदललं की ट्रॅक्टर जातो. दगड मात्र राहतात. पुढच्या दुचाकीवाल्याला ते अंधारात सापडतात. ज्या दगडांनी एक अपघात वाचवला, तेच दुसऱ्याची व्यवस्था करून ठेवतात.

आता कोणी काही करत नाही असं म्हणून पाप घेणार नाही. दर वर्षी रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो. पूर्वी आठवडा असायचा, आता महिना असतो. हार, नारळ, फोटो. फोटोत साहेब स्वतःच्या हाताने ट्रॉलीला लाल पट्टी चिकटवताना दिसतात. ज्या ट्रॉलीला चिकटवतात ती धुऊन आणलेली असते. हा महिना जानेवारीत येतो आणि गाळप नोव्हेंबरात सुरू होतं. तोवर निम्मा ऊस अंधारातून कारखान्यात पोचलेला असतो.

ट्रॅक्टरवाला गरीब आहे, उचल फेडतोय, गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत रात्र रात्र तिष्ठतो, हे सगळं मान्य. म्हणून तर त्याला नारिंगी त्रिकोणावर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. पण हंगामात एक जागा अशी आहे, जिथे प्रत्येक ट्रॉली न चुकता थांबते : कारखान्याचा वजनकाटा. तिथे ती दोनदा उभी राहते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. तिथे किलोचा हिशेब होतो, पावती निघते, पावतीशिवाय पैसे नाहीत. उसाचं वजन इतक्या बारकाईने पाहणाऱ्यांनी रिकाम्या वजनाच्या वेळी ट्रॉलीच्या पाठीकडेही एकदा नजर टाकावी. तिथे एक बादली पाणी, एक फडकं आणि रिफ्लेक्टरच्या पट्टीचं एक बंडल ठेवावं. चिखल असेल तर पुसावा, पट्टी नसेल तर लावावी, मागचा दिवा लागत नसेल तर लागेपर्यंत पावती अडवावी. पैसे अडले की दिवा त्याच रात्री लागेल. यासाठी नवा कायदा नको, समिती नको, आणि नारळ तर अजिबात नको.