पोळीच्या फॉइलने जिंकलेले वीस डेसिबल

नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते, आणि मी कंपनीला वीस डेसिबल मिळवून दिले होते. निदान त्या दुपारी साडेतीन ते पावणेपाच एवढ्या वेळात तरी.

काम साधं होतं. आमच्या एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून किती नॉइज बाहेर पडतो, ते स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर मोजायचं. इनपुटला पन्नास ओहमचं टर्मिनेशन लावलं, आउटपुटची केबल अ‍ॅनालायझरला जोडली. पडद्याच्या तळाशी गवताच्या पात्यांसारखी रेघ थरथरत होती, उणे 75 डीबीएमवर. मला ती फारच वर वाटली. कॉलेजात पाठ केलेला एकच आकडा माझ्या गाठीशी होता: खोलीच्या तापमानाला रोधाचा नॉइज दर हर्ट्झला उणे 174 डीबीएम. जॉन्सनने तो नॉइज मोजला, नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं, दोघांचे निबंध 1928 साली छापून आले. त्यांच्या शेजारी तिसरं नाव माझं का नसावं?

बाहेरची घाण आत येत असणार, असं ठरवून मी डब्यातल्या पोळ्यांचं फॉइल काढलं, तेल पँटला पुसलं आणि सर्किट त्यात गुंडाळलं. रेघ नीट दिसावी म्हणून स्पॅनही कमी केला. रेघ धाडकन उणे 95 वर! स्वीपसुद्धा संथ झाला होता. यंत्राला शांत वाटतंय, असा मी अर्थ लावला. मग ‘शील्डिंगमुळे 20 डीबी सुधारणा’ असा मेल चौदा जणांना पाठवून चहाला गेलो.

परत आलो तर साहेब पडद्यासमोर.

“आधी आरबीडब्ल्यू किती होती रे?”

“एक मेगाहर्ट्झ.”

“आणि आता?”

आता दहा किलोहर्ट्झ. आरबीडब्ल्यू म्हणजे अ‍ॅनालायझरच्या फिल्टरची रुंदी. ऑटोवर होती ती; स्पॅन कमी करताच गुपचूप खाली उतरली होती. नॉइज सगळ्या पट्ट्यात पसरलेला असतो. फिल्टर शंभरपट अरुंद झाला की शंभरावा हिस्साच आत येतो, म्हणजे बरोब्बर वीस डीबी कमी. मी पावसात बादलीच्या जागी फुलपात्र ठेवलं होतं आणि पाऊस ओसरला म्हणून पेढे वाटत होतो.

“बरं, आता सप्लाय बंद कर.”

केला. रेघ ढिम्म.

“केबल काढ.”

काढली. रेघ तिथेच. दुपारभर मी अ‍ॅनालायझरचाच नॉइज मोजत होतो. त्याचा स्वतःचा नॉइज दर हर्ट्झला उणे 135 आणि माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा उणे 151 च्या आसपास. तो बिचारा सोळा डीबी खोल गाडला गेला होता.

साहेबांनी अ‍ॅटेन्युएटर दहावरून शून्यावर आणला, रेघ दहा डीबी खाली गेली. इनपुटवर आलेलं सगळं हा आधी दाबतो आणि पडद्यावर भरपाई करताना यंत्राचाच नॉइज वर उचलतो. मग केबल परत जोडली, सप्लाय आणि प्रीअ‍ॅम्प चालू केले. आता सप्लाय बंद करताच रेघ नऊ डीबी घसरली. म्हणजे कुठे आमच्या मालाचं दर्शन झालं.

तेवढ्यावर थांबलो तर मी कसला! घाईघाईने नॉइज फिगर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या नॉइजची किती भर घालतो तो आकडा, काढली: सव्वा डीबी. एवढ्या स्वस्त ट्रान्झिस्टरमधून! मी पुन्हा मेल लिहायला घेतलेला नाही ना, हे साहेबांनी आधी तपासलं आणि मग सांगितलं की मी डीबीच्या आकड्यांची सरासरी घेतोय. तशी घेतली की नॉइज अडीच डीबी कमी दिसतो. पीक डिटेक्टर लावला तर उलट, फुगलेला दिसतो. सरासरी पॉवरची घ्यायची, आरएमएस डिटेक्टर लावून. शिवाय यंत्राचा स्वतःचा हिस्सा वजा करायचा, तोही डीबीत नव्हे, मिलिवॉटमध्ये. एवढं केल्यावर आकडा आला तीन.

तीन म्हणजे ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमध्ये पहिल्याच पानावर छापलेला आकडा.

सुधारणेचा मेल चौदा जणांना गेला होता. दुरुस्तीचा मी फक्त साहेबांना पाठवला.