नेहमीची कमाल मर्यादा: पाच

सर्व्हर लिहायला शिकणाऱ्याला गुरुमंत्रासारखी एक ओळ मिळते: लिसन, आणि कंसात 5. पाचच का, हे विचारायचं नसतं. पायथॉनच्या सॉकेट प्रोग्रॅमिंगच्या अधिकृत मार्गदर्शिकेने तर खुलासाही करून ठेवला: रांगेत पाच विनंत्या थांबतील, नेहमीची कमाल मर्यादा हीच, पुढच्यांना नकार.

मर्यादा नेहमीची होती, यात वादच नाही. 1983 साली, बर्कलीच्या 4.2 बीएसडीमध्ये. तिथल्या मॅन्युअलने ती प्रामाणिकपणे सांगितलीही. पण अगदी तळाला, 'दोष' या मथळ्याखाली. तुम्ही आकडा कितीही मोठा द्या, आम्ही तो गुपचूप पाचवर आणू! दोष छापून कबूल करायचा आणि तसाच ठेवायचा, ही कार्यपद्धती आपल्याला अनोळखी नाही. त्यातही पाच म्हणजे पाच नव्हेतच. कर्नल आत त्याचे दीडपट करायचा आणि पाच मागणाऱ्याच्या रांगेत आठ जण मावायचे.

पुढे लिनक्सने 2.2 आवृत्तीपासून आकड्याचा अर्थच बदलला: जोडणी पूर्ण झालेले, पण सर्व्हरने अजून आत न घेतलेले किती, ते. वरची मर्यादा आधी 128 होती, 5.4 पासून 4096 झाली. धडे गिरवणाऱ्यांचे पाच मात्र पाचच राहिले.

आणि तो 'नकार'? रांग भरली की लिनक्स सहसा नकार देतच नाही. दवाखान्यातला कंपाउंडर 'डॉक्टर नाहीत' असंही म्हणत नाही, नुसता मान खाली घालून बसतो, तसं. क्लायंट बिचारा सेकंदाने पुन्हा हाक मारतो, मग दोन सेकंदांनी, मग चार. इकडे साइट मंदावली म्हणून कुणी डेटाबेस उपसतं, कुणी नेटवर्कवाल्याला झापतं. कंसातल्या पाचावर संशय घ्यायची कुणाची छाती?

अशी चूक दाखवली की दोन ठरलेली उत्तरं येतात. एक, नवशिक्यांसाठी सोपं करून सांगितलंय. दोन, जाणकारांना हे माहीतच असतं. म्हणजे ज्याला माहीत नाही त्याने चुकीचं वाचावं, आणि ज्याला माहीत आहे त्याने वाचूच नये.

दुरुस्ती व्हायची तेव्हा होईल. तोवर पायथॉनवाल्यांना एक विनंती: 3.5 आवृत्तीपासून हा आकडा न देण्याची मुभा आहे, मग मर्यादा यंत्रणाच ठरवते, 128 पर्यंत. कंस मोकळा सोडा.