बिनटपाची गाडी

“काकू, वईवर हे काय वाळत घातलंय? घोंगडं का?”

“घोंगडं नाही गं बाय, गाडीचं टप आहे ते. हात नको लावूस, आत्ताच पुसून घातलंय.”

उमरठात ताडपत्रीच्या जिपा सगळ्यांनी पाहिल्यात, त्यामुळे बिनटपाच्या गाडीचं कुणाला अप्रूप नव्हतं. पण दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकलेली ती लाल गाडी घेऊन काका आले, तेव्हा तानाजीरावांच्या समाधीला आलेले पाहुणे आधी गाडीपाशी फोटो काढायला लागले. खालच्या आळीत तर काकांना लॉटरी लागल्याचं ठरूनसुद्धा गेलं.

“लॉटरी कसली! फंडाचे पैसे आले होते, त्यातले गेले. आणि परदेशी परदेशी काय करतात लोक? गोव्याची गाडी आहे ती. सॅन स्टॉर्म. नव्वदीचं दशक सरता सरता गोव्यात कारखाना काढला होता त्या कंपनीनं. गाडीचा आकार फ्रेंच लोकांनी काढून दिलेला, इंजिन रेनोचं, 1149 सीसी. तिकडे ट्विंगो नि क्लिओ म्हणून छोट्या गाड्या असतात, त्यांचं.”

“काकू, तुम्हाला एवढं सगळं कसं हो ठाऊक?”

“रात्री जेवताना दुसरं काय कानावर पडतं मला? लालबागला तीस वर्षं गॅरेजात मिस्त्री होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्या, एक स्वतःची असावी असं वाटलं. बरं, वाटलं ते वाटलं, पण माणसानं बसायच्या जागा तरी मोजाव्यात की नाही? घरात माणसं सहा, गाडीत जागा दोन. पोलादपूरच्या बाजाराला गेले तर तांदळाचा कट्टा बसतो, मग मी नाही बसत.”

“पण दिसते छान हो.”

“दिसायला काय जातंय? पंचवीस वर्षांची झाली. एवढ्यात पत्रा चाळण झाला असता, पण हिचं अंग फायबरचं. गंज नाही धरत. तडकतं मात्र. आल्या आल्या पुढचा कोपरा कुंभ्याच्या झाडाला घासला नि ही एवढी चीर पडली. महाडात दोन डेंटरांनी हात जोडले. म्हणाले, काका, आम्ही पत्रेवाले, ठोकून सरळ करणारे. हे ठोकलं तर तुकडे होतील.”

“मग?”

“मग श्रीवर्धनकडून होडीवाला आणला.”

“होडीवाला?”

“अगं, मच्छीमारांच्या होड्या आता फायबरच्याच असतात ना. त्या फुटल्या की जे करतात तेच हिला केलं. आतून घासून खरखरीत केलं, चटईसारखं कापड टाकलं, वर रेझिन फासलं, सुकलं की पुन्हा घासलं. बाहेरून कुणाला कळणार नाही. जाताना तो म्हणतो कसा, ‘काकू, आता पाण्यात सोडली तरी तरंगेल.’ मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे पावसात तेच करायची वेळ येते.”

ते काही खोटं नाही. महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. वर महाबळेश्वर तर विचारूच नका. अशा मुलखात बिनछपराची गाडी पाळायची म्हणजे जून ते सप्टेंबर तिचं बाळंतपण करायचं.

“टप गळतं का हो काकू?”

“टप गळतं ते दिसतं तरी. खरी मेख वेगळीच असते. टपावरचं पाणी उतरायला दाराच्या खालच्या अंगाला बारीक भोकं असतात. त्यात आंब्याचा मोहोर, पानं, माती अडकली की पाणी आतल्या आत साठतं. वरनं सगळं कोरडं दिसतं आणि गालिच्याखाली तळं. पहिल्या वर्षी सीट उचलली तर खाली शेवाळ! तेव्हापासून मे महिन्यात सायकलच्या ब्रेकची तार घेऊन मीच भोकं साफ करते. ह्यांना आता वाकवत नाही.”

“आणि हे टप? हे पहिलंच का?”

“पहिलं कधीच विरलं. दुसरं कुठून मिळणार? कारखानाच बंद झालेला. मग महाडात रिक्षांचे हूड शिवणारा आहे, त्याच्याकडे गेलो. त्यानं जुनं टप उसवून त्याचाच कागदी नमुना काढला, जाड रेक्झिन घेतलं, दुहेरी शिलाई मारली, मागं बघायला प्लॅस्टिकची काच बसवली. शिवणीवर सुईची भोकं राहतात ना, तिथनं पाणी झिरपतं. त्याला आतून पट्टी चिकटवली. पोराचं लग्न त्याच महिन्यात ठरायचं होतं. मुलीकडचे यायचे, तर हे म्हणाले, हूड मिळू दे, मग बघू. मी म्हटलं, तानाजीरावांनी रायबाचं लगीन मागं ठेवलं ते कोंढाण्यापायी, तुम्ही ठेवताय रेक्झिनपायी!”

“झालं ना शेवटी लग्न?”

“झालं की. पण नवरा-नवरीला बसवून मिरवायचं ठरलं, तर नवरीच्या शालूला जागा पुरेना. नवरा चालत आला.”

काकू हसल्या आणि टपाची घडी उलटी करून दुसरी बाजू उन्हाकडे केली. मग बोट ओलं करून शिवणीवरून फिरवलं. बुरशीचा काळा ठिपका होता एक, तो साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून काढला.

“साबण नाही लावत?”

“छे! कपड्याच्या पावडरीनं रेक्झिन कडक होतं, घडीवर चिरतं. साधं पाणी, मऊ फडकं. आणि ओलं टप कधी दुमडायचं नाही, एका रात्रीत वास धरतं. दाराच्या रबराला ग्लिसरीन लावायचं, नाहीतर रबर चिकटतं नि दार उघडताना फाटून हातात येतं. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री तर मुळीच नाही घालायची. लोकांना वाटतं झाकली म्हणजे जपली. आतल्या आत घाम सुटतो गाडीला. हवा खेळली पाहिजे. म्हणून तर गोठ्याशेजारी पत्र्याची शेड घातली, तिन्ही बाजूंनी जाळी.”

“म्हणजे शेड गाडीपेक्षा महाग पडली असेल!”

“तेच तर सांगतेय. बिनछपराची गाडी घेतली आणि सगळा पैसा छपरांवर गेला. एक टप शिवलं, एक शेड घातली. दरवर्षी घर शाकारायचं तसं हिलाही शाकारायचं. घराची कौलं तरी सरळ चढतात, ही बाई घडीवर रुसते.”

“पावसात चालवतच नाहीत का मग?”

“चालवत नाहीत, पण चालू करतात. पंधरा दिवसांनी एकदा. तेही दोन मिनिटं गुरगुरवून बंद नाही करायची. इंजिन चांगलं तापलं पाहिजे, नाहीतर सायलेन्सरमध्ये पाणी धरतं नि आतून सडतो. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, ब्रेक शू चिकटतात. चाकाला दगड लावायचा, गिअर टाकून ठेवायचा. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं, ते दोन वर्षांनी बदलायचंच, मग गाडी हजार किलोमीटर फिरो नाहीतर शंभर. चाकात हवा थोडी जास्त. बॅटरीची एक तार सुटी. आणि वायरींपाशी डांबरगोळ्या. भात कापून झाला की उंदीर शेतातून थेट बॉनेटमध्ये येतात.”

“आणि कागदपत्रं? जुन्या गाड्या मोडीत काढतात म्हणे आता.”

“तसं नाही. पंधरा वर्षं झाली की पेणच्या आरटीओत न्यायची, तपासून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून देतात. वर पर्यावरण कर भरायचा. वीस वर्षांवरच्या चारचाकीला तर फी आता दहा हजार झालीय. गोव्याचा नंबर होता, तो बदलून एमएच-06 घेतला, ती धावपळ वेगळी. हे म्हणाले, विंटेजमध्ये घालू. मी विचारून घेतलं. त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते, आणि तशी नोंदवली की रोजच्या कामाला चालवता येत नाही, प्रदर्शनाला नि रॅलीलाच न्यायची. म्हटलं, गाडी अजून पंचविशीतली आहे. ह्या घरात विंटेज म्हणून नोंदवायचं तर आधी माझं नाव घाला.”

“तुम्हाला फिरवलं की नाही कधी?”

काकूंनी इकडे तिकडे बघितलं. मग वईवर रेलून आवाज खाली केला.

“गेल्या डिसेंबरात. आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला. पहाटेच निघालो, आळीत कुणाला कळायला नको म्हणून. टप मागं टाकलेलं, कानाला मफलर, वर पदर. एरवी एसटीत बसलं की घाट म्हणजे खिडकीतली एक पट्टी दिसते. इथं डोक्यावर सगळा डोंगर! वळणावळणाला हवा बदलते, ते कळतं. खाली गारठा, मग उन्हाचा पट्टा, मग कारवीचा वास. आणि हे! घरात शब्द फुटत नाही, तिथं दुसऱ्या गिअरवर गाणं म्हणत होते. प्रतापगडाच्या फाट्यावर चहाला थांबलो, तर काटा वर गेला म्हणून अर्धा तास बॉनेट उघडून बसले. मला राग नाही आला बघ.”

“मग मागच्या महिन्यात पुण्याचा तो मुलगा आला होता तो कशाला? विकताय म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“खालची आळी.”

“आला होता. पैसे रोख आणले होते. हे गप्प बसले, गुडघे दुखतात, मनात असेल द्यावी असं. मी चहा दिला नि विचारलं, ठेवणार कुठं? म्हणे सोसायटीत, उघड्यावर, कव्हर घालून. भोकं कुठली साफ करायची ते माहीत आहे का? म्हणे कुठली भोकं? टप कशानं धुणार? म्हणे प्रेशर वॉशरनं.”

“अरे देवा. मग?”

“मग काय! म्हटलं, पैसे खिशात ठेव. पुढच्या खेपेला येशील तेव्हा आधी तुझ्या शेडचा फोटो घेऊन ये.”