वस्तऱ्याचा शेवटचा दगड : निवड, वापर आणि नगरी अडचणी

वस्तऱ्याला शेवटचा हात देणारा दगड निवडण्याआधी तो काय करत नाही, हे समजून घ्यावे लागते. तो बोथट वस्तरा धारदार करत नाही. पात्याचा टवका भरून काढत नाही. आजोबांच्या ट्रंकेत तीस वर्षे गंज खात पडलेल्या पात्याला तारुण्यही देत नाही. ही कामे आधीच्या दगडांची. साधारण एक हजार अंकाच्या दगडावर धारेच्या दोन्ही बाजू एकमेकींना भेटवायच्या, पुढे चार-पाच हजार, मग आठ हजार, असा चढता क्रम असतो. अंक वाढतो तसे दगडातले कण बारीक होतात. हजाराच्या दगडात ते दहा-पंधरा मायक्रॉनचे असतात, आठ हजाराच्या दगडात दीड मायक्रॉनच्या आसपास. प्रत्येक दगड आधीच्याचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, जरा बारीक, मागे ठेवतो. ज्याचे ओरखडे गालाला कळत नाहीत तो शेवटचा दगड. घरची विळी पाट्याच्या कडेवर चारदा ओढली की भेंडी चिरायला लागते. वस्तऱ्याला तेवढ्याने भागत नाही, कारण भेंडी तक्रार करत नाही.

कोन धरण्याची कटकट वस्तऱ्यात नसते, ही त्यातल्या त्यात सोय. पात्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायच्या; पाठीच्या जाडीने कोन आपोआप ठरतो. म्हणून दगड सपाट हवा. मध्ये झिजून होडीसारखा झालेला दगड कितीही उंची असला तरी धारेला जागोजागी वेगळे काहीतरी शिकवतो. नगरकडच्या घरांत पूर्वी शहाबादी फरशी सर्रास असे आणि तिच्यावर सुरी, विळी, प्रसंगी कात्रीही घासली जाई. ही फरशी चुनखडीची, म्हणजे पोलादापेक्षा बरीच मऊ. तिच्यावर जे काही घासले जाते ते बहुतांशी फरशीवर पडलेल्या वाळूच्या कृपेने. मात्र हीच वाळू आणि पाणी घेऊन झिजलेला दगड फरशीवर फिरवला तर तो बऱ्यापैकी सपाट होतो. फरशीचे काय होते, हा घरातला वेगळा विषय आहे.

गावच्या कारागिराच्या धोकटीत क्रमवारीचा हा थाट नसे. वस्तरा, कात्री, चिमटा, नराणी, वाटी, आरसा, चामड्याचा पट्टा आणि एकच पथरी. ती पथरी हजाराची की आठ हजाराची, हे तिला स्वतःलाही ठाऊक नसे. पाण्याचे चार थेंब, दहा-वीस हात, मग पट्टा, आणि पट्टा हाताशी नसेल तर सरळ तळहात. घोडेगाव किंवा काष्टीच्या बाजाराच्या दिवशी झाडाखाली पोते टाकून बसलेल्या कारागिराला एवढ्यावर दिवसभराची गिऱ्हाइके उरकावी लागत. त्यातले शेवटचे गिऱ्हाईक कोणत्या अवस्थेत घरी जाई, याचा हिशेब बलुत्याच्या धान्यात धरलेला नसे. संत सेना महाराजांनी आपल्या धंद्यातला आरसा आणि चिमटा अभंगात नेऊन परमार्थाला लावला. पथरीला तिथे जागा मिळाली नाही. ज्याच्यावाचून काम अडते त्याचे नाव कुठेच न येणे, हे पथरीच्या नशिबी तेव्हापासूनच असावे.

अहिल्यानगर जिल्ह्यात दगडाला तोटा नाही. संपूर्ण जिल्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. नदीकाठचा गाळ सोडला तर जिथे कुदळ मारावी तिथे काळा बेसाल्ट खणकतो. जाती, पाटे-वरवंटे, किल्ल्याचे बुरूज, बांधावरची भांडणे, सगळे याच दगडाचे. इतक्या दगडात वस्तऱ्याच्या शेवटच्या हाताला लायक तुकडा मात्र शोधून सापडत नाही. बेसाल्टमधली खनिजे पोलादाच्या जवळपास कठीण असली तरी त्यांचे दाणे एकसारखे नसतात, आणि थरात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेली छिद्रे असतात. पाट्याला हा खडबडीतपणा हवाच असतो. तो गुळगुळीत झाला तर टाकीवाल्याला बोलावून परत टाकी मारून घेतात. वस्तऱ्याची धार अशा एका छिद्रावरून गेली की सकाळपासूनचे काम वाया. 1549 मध्ये मुलुखमैदान तोफ ओतणाऱ्या नगरला दाढीपुरता दगड परगावाहून आणावा लागतो, तो यामुळे.

एक अपवाद आहे. बेसाल्टच्या याच पोकळ्यांत पुढे सिलिका साचून गारगोट्या तयार झाल्या. प्रवरेच्या पात्रात फिरणाऱ्याला अर्धपारदर्शक, मेणचट दिसणारे कॅल्सेडनीचे खडे सापडतात. त्यांचे दाणे इतके सूक्ष्म की डोळ्याला दिसत नाहीत. सपाट करून घोटलेला असा तुकडा धार फारशी घासत नाही, तो ती दाबून चोपडी करतो, आणि आधीचे काम चोख असेल तर तेवढेही पुरते. अडचण इतकीच की हा खडा वस्तऱ्याच्या लांबीएवढा मिळणे आणि तो हाताने सपाट करणे, या दोन्हींसाठी माणूस निवृत्त असावा लागतो.

परगावच्या दगडांत बेल्जियममधल्या व्हिएलसामचा पिवळसर कोटिक्यूल सर्वांत समजूतदार. त्यात गार्नेटचे बारीक दाणे असतात. दाणे गोलसर असल्याने ते खोल ओरखडत नाहीत. छोट्या दगडाने उगाळून पांढुरके पाणी काढले की तो झपाट्याने काम करतो आणि नुसत्या पाण्यावर तोच हळुवार होतो. एका दगडात दोन दगड म्हटल्यावर नगरी मन तिथेच वळते. किंमत ऐकून परत फिरते. जर्मनीतल्या थुरिंगियाचा पाटीच्या दगडाच्या जातीचा दगड मऊ आणि भरवशाचा. पण तिथल्या खाणी कधीच थंडावल्या, त्यामुळे तो आता जुन्या मालातच मिळतो. अमेरिकेतल्या आर्कान्साचा दगड म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तो तेलावर चालतो, झिजता झिजत नाही, आणि काम इतके सावकाश करतो की मालकाला दाढी वाढल्याचा भास व्हावा. जपानमधल्या क्योटोजवळच्या डोंगरांतले दगड सर्वांत नामांकित आणि सर्वांत लहरी. एकाच खाणीतले दोन दगड सख्खे भाऊ असूनही एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, म्हणून दुसऱ्याने वाखाणलेला दगड विकत घेण्यात अर्थ नसतो. कारखान्यात बनवलेला दहा-बारा हजारांचा दगड या सगळ्यांपेक्षा कमी रुबाबदार आहे. त्याच्यावर कविता होत नाही. पण त्यात कण एकसारखे असतात आणि आज घेतलेला दगड उद्या घेतलेल्यासारखाच निघतो. नवख्याने तोच घ्यावा.

निवडीतला पुढचा मुद्दा पाण्याचा, आणि तो या जिल्ह्यात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही कृत्रिम दगड वापरण्याआधी पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. पाथर्डीत किंवा पारनेरच्या पठारावर एप्रिलमध्ये टँकरच्या रांगेत हंडा लावलेल्या बाईला घरातला कर्ता पुरुष बादलीत दगड भिजवताना दिसला, तर पुढची हजामत बिनपाण्यानेच होते. हिवरे बाजारसारख्या गावात, जिथे गावाच्या पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडला जातो, हा खर्च कोणत्या सदरात टाकावा असा प्रश्न उभा राहील. सबब या भागात नुसता शिंतोडा पुरणारा दगड, नाहीतर तेलाचा. एकदा तेल पाजलेला दगड पुन्हा पाण्याकडे सहसा वळत नाही, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे.

दगड उतरला की नाही, याची परीक्षा अंगठ्यावर घेऊ नये. हाताच्या लवेवर घेता येते, पण डाव्या हाताचा पुढचा भाग तुळतुळीत आणि उजवा केसाळ, अशी माणसे लग्नकार्यात लगेच ओळखू येतात. डोक्याचा एक केस दोन बोटांत लोंबता धरून त्याला धार टेकवावी. आवाज न करता तुटला तर काम झाले. तडतडला, तर आठ हजाराकडे मागे जावे. शेवटच्या दगडावर जास्त वेळ घालवून मागच्या दगडाचा आळस भरून निघत नाही. जास्त घासल्याने उलट धारेला बारीक तार सुटते, आणि ती पहिल्याच हाताला हनुवटीवर मोडते.

यानंतर पट्टा. दगडावर वस्तरा धार पुढे करून चालतो, पट्ट्यावर पाठ पुढे करून. घाईत हा क्रम विसरला की धार तशीच राहते आणि पट्टा दोन तुकड्यांत उरतो. चाळीस-पन्नास हात पुरतात. हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावलेला वेगळा पट्टा ठेवला तर शेवटच्या दगडाचे निम्मे काम तोच करतो. दगडांचा संग्रह करणारे ही गोष्ट सहसा बोलून दाखवत नाहीत.

एवढी विद्या सलूनमधून एका पिढीत नाहीशी झाली. अमेरिकेत 1903 साली जिलेटने पहिल्या वर्षी 51 रेझर आणि 168 पाती विकली, तेव्हा पथरीला कोणी धोका मानला नाही. नगरच्या सलूनमध्ये तिला खरे हद्दपार केले ते एड्सच्या आणि काविळीच्या भीतीने. वस्तरा राहिला, पण त्यात अर्धे मोडलेले ब्लेड सरकवायचे आणि दाढी झाली की फेकून द्यायचे. ही पद्धत नवी वाटते, पण ती याच जिल्ह्यात फार जुनी आहे. संगमनेर तालुक्यातले जोर्वे, नेवासे आणि श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद इथल्या उत्खननांत कॅल्सेडनीची लांबट, समांतर कडांची पाती मोठ्या संख्येने निघाली. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठचा माणूस ती पाती पाजळत बसत नव्हता; बोथट झाले की टाकायचे आणि गारगोटीवरून नवे काढायचे. वापरा आणि फेका या दोन युगांच्या मधल्या फटीत पथरीचे राज्य होते, आणि ते आता संपले आहे.

घरी वस्तऱ्याने दाढी करायचीच असेल, त्याने एक हजार, आठ हजार आणि बारा हजार असे तीन कृत्रिम दगड आणि एक पट्टा घ्यावा, आणि चौथा दगड पाहायला जाऊ नये. सलूनमध्ये बसणाऱ्याने दगडाची चौकशीच करू नये. ब्लेड नवे आहे ना, एवढे विचारावे, आणि कारागीर पुडी डोळ्यांसमोर फोडेपर्यंत मान वर करू नये.