‘गाडी सुटेल’ म्हणणाऱ्या टूर मॅनेजरास खुलं पत्र

टूर मॅनेजरसाहेब,

तुमचं किंवा तुमच्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. पत्र वाचून तुमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना ते आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल. त्यांना तसं वाटलं तर ते बरोबरच आहे.

माझं माहेर सांगली, सासर सातारा. म्हणजे तुमची गाडी ज्या रस्त्याने खिडक्या बंद करून धावते, त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना माझी माणसं आहेत. त्यांच्याबद्दल तुम्ही माइकवरून जे बोलता ते मला कळलं, म्हणून हे पत्र.

माझी नागपूरची आत्या इतिहासाची निवृत्त शिक्षिका. तिच्या बरोबरीच्या शिक्षिकांचं मंडळ घेऊन ती तुमच्या सहलीला आली होती. वाईला जेवणाचा थांबा होता. जेवण लवकर उरकलं, हातात भरपूर वेळ होता. आत्याने विचारलं, ‘रिक्षाने मेणवलीला जाऊन येऊ का?’ मेणवली तिथून अवघ्या तीन किलोमीटरवर. तुम्ही म्हणालात, ‘स्वतःच्या जबाबदारीवर जा. गाडी थांबणार नाही. आणि इथले रिक्षावाले लुटतात, नंतर तक्रार आणू नका.’ झालं. बाकीच्या बायका घाबरल्या, आत्या बसून राहिली. पुढे तुमची गाडी सरबत, जॅम आणि चॉकलेटच्या दुकानापुढे थांबली, आणि त्या थांब्यात मेणवली दोनदा बघून झाली असती. ड्रायव्हर दुकानाच्या मागच्या बाजूला जेवत होता. तुम्ही गल्ल्यापाशी उभे होता. तिथे कशासाठी उभे होता, हे आत्याच्या मंडळातल्या प्रत्येक बाईला कळलं. शाळेत आयुष्य घालवलेल्या बायका आहेत त्या, मुलांच्या थापा पकडण्यातच त्यांची नोकरी गेली.

मेणवलीत काय आहे ते आता तुम्हीच ऐका, कारण तुम्ही ते पाहिलेलं नाही अशी माझी खात्री आहे. नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाड्यामागून कृष्णेचा घाट उतरतो. घाटावर देवळं आहेत आणि तिथेच एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि 1707 हे साल दिसतं. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. कृष्णाकाठच्या घाटावर मेरीची घंटा! इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईला ही घंटा तीन किलोमीटरवर असताना तुम्ही स्ट्रॉबेरीचं सरबत पाजलंत. ‘स्वदेस’ सिनेमा जिथे चित्रित झाला ते हे गाव, एवढं सांगितलं असतंत तरी अर्धी गाडी रिक्षात बसली असती.

आणि वाईत तरी तुम्ही काय दाखवता? ढोल्या गणपती. तोही दहा मिनिटांत, रांगेत, चपला हातात. गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेलं ते देऊळ. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी फाकून जावं म्हणून. देवळाला वळसा घालायला किती वेळ लागतो? पण वळसा घातल्याने कुणाला कमिशन मिळत नाही.

तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत महाबळेश्वर भरभरून असतं. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, केट्स पॉइंट, वेण्णा लेक, मुंबई पॉइंटचा सूर्यास्त. चांगलंच आहे, ते सगळं पाहावं. पण क्षेत्र महाबळेश्वरला तुम्ही लोकांना पंचगंगेच्या देवळात नेता, पाच नद्यांची नावं एका दमात म्हणता आणि ‘चला, चला’ सुरू करता. कृष्णाबाईचं देऊळ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, बहुतेक वेळा निर्जन. गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडत असते. बाहेर येऊन उभं राहिलं की खाली कृष्णेचं अख्खं खोरं दिसतं. हीच नदी पुढे वाईला जाते, माहुलीला वेण्णेला घेते, कऱ्हाडला कोयनेशी समोरासमोर भिडते आणि माझ्या माहेरच्या दारात येते. ज्याने ती धार पाहिली त्याला खालचा सगळा मुलूख वेगळा दिसतो. तिकीट नाही, दुकान नाही, पार्किंगवाल्याची शिट्टी नाही. म्हणूनच ते तुमच्या पत्रकात नाही.

सातारा शहर तर तुम्ही हायवेवरून दाखवता. ‘डावीकडे अजिंक्यतारा, फोटो काढून घ्या.’ धावत्या गाडीच्या काचेतून! पुढे कंदी पेढ्यांचा थांबा. त्या थांब्याच्या आसपास हायवेलाच लिंब फाटा आहे. आत गेलं की शेरी लिंबची बारा मोटांची विहीर. शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 या दरम्यान विरूबाई भोसल्यांनी ती बांधवून घेतली. वर एकाच वेळी बारा मोटा चालायच्या. पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे, खांबांवर कोरीवकाम आहे, आणि भर उन्हाळ्यात तिथे गारवा असतो. शहरातून साधी रिक्षा किंवा जीप ठरवली तरी जाऊन-येऊन, नीट बघून, अर्ध्या दिवसाच्या आत माणूस परत येतो. तुमच्या गाडीतल्या माणसांना अर्धा दिवस मोकळा असतोही. पत्रकात त्याला तुम्ही ‘आराम व खरेदी’ असं नाव दिलेलं असतं.

आता ‘लुटतात’ या शब्दाकडे येते, कारण मला खरा राग त्याचा आहे. महाबळेश्वरच्या टॅक्सी स्टँडवर कुठल्या फेरीला किती पैसे, याचा फलक लावलेला असतो. वाचता येणाऱ्या कुणालाही वाचता येतो. तुमच्या दुकानाच्या थांब्यात तुम्हाला किती मिळतं, याचा फलक कुठे लावलाय? वाईचा रिक्षावाला चार पैसे जास्त सांगत असेल, नाही म्हणत नाही. घासाघीस करता येते, दुसरी रिक्षा बघता येते, हॉटेलवाल्याला ‘मेणवलीला काय घेतात हो?’ विचारता येतं. तुमच्या गाडीत बसलेल्याला यातलं काही करता येत नाही. तुमच्या एका वाक्याने वाईतल्या एका माणसाची दिवसाची भाडी बुडतात आणि त्याच्या अब्रूला डाग लागतो. तोही गाडीच्या बंद दाराआड, जिथे त्याला उत्तरही देता येत नाही.

सांगलीला तर तुम्ही बहुधा येतच नाही. आलात तर गणपतीचं दर्शन, भडंगाची पाकिटं आणि थेट नरसोबाची वाडी. सांगलीहून हरिपूर रिक्षाने जेमतेम काही मिनिटांवर आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. आणि हळदीची पेवं! जमिनीच्या पोटात खणलेली, वर अरुंद तोंडाची कोठारं, ज्यांत पिढ्यान् पिढ्या सांगलीच्या बाजारातली हळद साठवली गेली. तिथल्या मातीत हळदीला कीड लागत नाही, रंग राहतो. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ देतात. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, फार नुकसान झालं, आणि व्यापार गोदामांकडे वळला. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही माती आहे. हे सांगणारी माणसं हरिपुरात अजून आहेत. तुमच्या थांब्याची वेळ संपण्याआधी त्यांच्याशी बोलून होतं.

मिरज तर वडापनेही गाठता येतं. दर्ग्याजवळच्या गल्लीत सतारमेकरांची दुकानं आहेत. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. खाली एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसलेला असतो. घोडीवर कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. आवाज उघडेपर्यंत तो मान वर करत नाही. तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात तर हाकलतही नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये मानांकन मिळालं. त्याच दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. गाणं ऐकणारा कुणी मराठी माणूस तुमच्या गाडीत नसतोच का?

आता तुमचं नवं पत्रक. मियामीहून निघणारी कॅरिबियन क्रूझ! आमच्याकडचे द्राक्ष बागायतदार, डॉक्टर, निवृत्त बँकवाले नावं नोंदवतायत. आणि तिथेही तुमचं तेच वाक्य मी वाचलं, फक्त गाडीच्या जागी जहाज घातलंय. बंदरावरची सहल आमच्याकडूनच घ्या, नाहीतर जहाज सोडून जाईल.

यात खरं काय तेही सांगते, कारण तुम्ही अर्धंच छापलंय. जहाजाने स्वतः विकलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं. स्वतंत्र गेलेल्यासाठी थांबत नाही. मार्च 2024 मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’ जहाज आठ प्रवाशांना मागे ठेवून निघालं. ते खासगी सहलीला गेले होते आणि उशिरा पोहोचले. तेव्हा भीती खोटी नाही. पण ती सगळीकडे सारखी नाही, आणि तुमची लबाडी नेमकी इथे आहे. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर उतरून टुलुमचे माया अवशेष बघायचे तर आधी फेरीबोटीने मुख्य भूमीवर जायचं, मग पुढे रस्त्याने लांब. तिथे जहाजाची सहल घ्यावी, पैसे जास्त पडले तरी घ्यावी. पण त्याच बेटावर सॅन गर्व्हासिओ आहे, इश्चेल देवीचं जुनं ठाणं, जिथे माया बायका समुद्र ओलांडून दर्शनाला यायच्या. तिथे टॅक्सीने जाऊन येता येतं. नासाऊमध्ये गुलामांकडून दगडात कोरून घेतलेला क्वीन्स स्टेअरकेस बंदरातून पायी गाठता येतो. त्याला सहल कशाला विकत घ्यायची?

आणि बार्बाडोस. ब्रिजटाउनच्या बंदराजवळच केन्सिंग्टन ओव्हल आहे. 29 जून 2024 ला भारताने टी-20 विश्वचषक तिथे जिंकला, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण 1953 मध्ये भारताचा पहिला वेस्ट इंडिज दौरा झाला, त्याच मैदानावर कसोटी झाली आणि भारताचा कर्णधार होता विजय हजारे, जन्म सांगलीचा. सांगलीच्या माणसाला बार्बाडोसला नेऊन तुम्ही कासवांबरोबर पोहायला पाठवणार आणि ते मैदान दाखवणार नाही, ही तुमची यादी!

कुठे स्वतः जायचं आणि कुठे नाही, हे ठरवायला फार अक्कल लागत नाही. जागा जवळ असावी. मध्ये फेरीबोट, घाट किंवा धुकं नसावं. परतीचं वाहन आधी ठरवलेलं असावं. सुटण्याच्या वेळेआधी तासभर तरी परत यावं, आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावं, कारण बेटावरची वेळ वेगळी असू शकते. आपल्याकडेही हेच. पावसाळ्यात ठोसेघरला, किंवा एरवी बामणोलीहून लाँचने वासोट्याला अनोळखी माणसाने एकट्याने, घाईत जाऊ नये. कासला फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करूनच जावं. गुडघे दुखणाऱ्यांनी, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तुमच्याबरोबर राहावं. तिथे तुमची गरज आहे आणि तिथला तुमचा मोबदला रास्त आहे. मेणवलीला तुमची गरज नाही. हरिपूरला नाही. कृष्णाबाईच्या देवळाला तर मुळीच नाही.

म्हणून तीन मागण्या. प्रत्येक थांबा किती वेळाचा आणि त्यातला दुकानाचा किती, हे पत्रकात छापा. ज्या दुकानातून तुम्हाला पैसे मिळतात त्याच्यापुढे तसं लिहा. आणि जिथे मोकळा वेळ आहे तिथे जवळ काय आहे, रिक्षाला साधारण किती पडतात आणि गाडी नक्की किती वाजता सुटेल, हे लोकांना सांगा. शिवाय, रिक्षावाल्यांबद्दल माइकवरून बोलणं आजपासून बंद करा.

वाचकहो, तुम्हीही बुकिंग करताना याच तीन गोष्टी काउंटरवर विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आत्याचं मंडळ जानेवारीत पुन्हा येतंय. या वेळी त्यांनी वाईत दोन रात्रींची खोली घेतली आहे आणि तिथल्याच एका रिक्षावाल्याशी फोनवर बोलून ठेवलंय. तुमच्याकडचं बुकिंग त्यांनी रद्द केलं आहे.

आपली,
एक सातारकर, माहेरची सांगलीकर