आकडा माहीत असणाऱ्यांनी बसू नये

रोह्याचा भाचा एमबीए होऊन आला तो थेट पेणला माझ्याकडेच उतरला. "मामा, कन्सल्टिंग कंपनीत मुलाखत आहे. तू माझी तयारी करून घे." मी आयुष्यात दिलेला एकमेव सल्ला म्हणजे वडखळ नाक्यावर वडापाव कुठल्या गाडीवर खावा. तोही फुकट.

तंत्र त्यानंच मला शिकवलं. आधी अंदाज: मुंबईत न्हावी किती, विमानात टेनिसचे चेंडू किती मावतील. उत्तर चुकलं तरी चालतं, पायऱ्या चुकता कामा नयेत. घरटी माणसं चार धरायची, कारण चारानं भागाकार सोपा जातो. मग 'केस'. कुठल्यातरी कंपनीचा नफा घसरलेला असतो आणि अर्ध्या तासात आपण तो वर काढायचा. कारखान्यात पाऊल न टाकता.

"मग शेजारच्या गणपतीच्या कारखान्याची केस घे," मी म्हटलं.

भाच्यानं कागदावर झाड काढलं. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, उत्पन्न म्हणजे नग गुणिले भाव. फांद्या एकमेकींत घुसायच्या नाहीत आणि काही सुटायचंही नाही, असा कडक नियम. शेजारी डोळ्यांच्या आखणीला बसला होता. श्वास रोखून त्यानं एक बुबुळ पुरं केलं, ब्रश पाण्यात बुडवला आणि म्हणाला, "औंदा पाऊस मे महिन्यातच आला. माल वाळलाच नाय. हमरापूरचा कच्चा माल पण अडकला."

भाच्यानं झाड निरखलं. पावसाला फांदी नव्हती. त्यानं तो 'इतर'मध्ये टाकला.

शेवटची फेरी स्वभावाची. तुमचा मोठा दोष कोणता? 'मी जरा जास्तच काम करतो' हे मान्यताप्राप्त उत्तर. रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख 1918 साली लंडनला आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून मोकळे झाले. आज या फेरीत त्यांना 'टीममध्ये टिकण्याची शक्यता कमी' असा शेरा देऊन घरी पाठवलं असतं.

मुलाखतीच्या दिवशी भाचा पहाटेच्या गाडीनं गेला आणि संध्याकाळी तोंड पाडून परतला.

"काय विचारलं?"

"पेणमध्ये वर्षाला मूर्ती किती होतात, अंदाज करा."

"मग? हा तर घरचा पेपर!"

"तेच झालं ना. शेजारच्या काकांनी सांगितलेला आकडा मी सरळ सांगून टाकला. ते म्हणाले, आकडा माहीत असेल तर तुम्ही विचार कसा करता ते आम्हाला कसं कळणार?"

त्याच्यानंतरच्या मुलानं पेण नकाशातही पाहिलं नव्हतं. त्यानं महाराष्ट्राची लोकसंख्या घेतली, चारानं भागली, पुढे दोन-तीन वळणं घेतली आणि खऱ्याच्या अकरापट आकड्यावर पोचला. त्याला घेतला.

परवा तोच मुलगा लॅपटॉप घेऊन आमच्या आळीत हजर. मूर्ती व्यवसायावर अहवाल करायचाय म्हणे. शेजाऱ्यानं त्याला चहा पाजला, पोहे दिले, वाळवणाला पसरलेल्या गणपतींवर ओढलेली निळी ताडपत्री दाखवली आणि मे महिन्याची सगळी कथा सांगितली. पोरगं भराभर टाइप करत होतं. मध्येच थांबलं.

"काका, या घटकाला तुमच्या धंद्यात नेमकं काय म्हणतात?"

"कुठल्या?"

"हे जे वरून येतं आणि उत्पादन थांबवतं."

"पाऊस," शेजारी म्हणाला.